रेडिओसमोर बसलेला संगीतकार : प्रस्तावना

14 मार्च 1934 च्या रात्री लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये आल्बान बर्गचा 'वोत्सेक' हा ऑपेरा सादर झाला. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, पडदा नाही. मंचावर बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा, गायक उभे, आणि सगळी सूत्रं एड्रियन बोल्टच्या हाती. सभागृहातल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त माणसं घरोघरी रेडिओपाशी बसली होती. त्यांतलाच एक श्रोता म्हणजे खुद्द बर्ग, तिकडे ऑस्ट्रियात. प्रयोग ऐकून त्याने बोल्टला पत्र लिहिलं. पत्रात कौतुक होतं, आणि ते तोंडदेखलं नव्हतं.

या पत्राची हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अप्रूप वाटलं ते एका साध्या गोष्टीचं. ज्याने हे संगीत रचलं त्यानेच ते ऐकण्यासाठी रेडिओचं बटण फिरवत बसावं, स्टेशन लागेपर्यंत खरखर सोसावी, आणि मग तुमच्याआमच्यासारखं काही न दिसता नुसतं ऐकत राहावं! रंगमंदिरात संगीतकाराचा दरारा असतो. तो तालमीला येतो, गायकाला मधेच थांबवतो, संचालकाशी हुज्जत घालतो. रेडिओसमोर त्याच्याकडे एकच अधिकार उरतो, आवाज लहानमोठा करण्याचा. अशा वेळी त्याने काय ऐकलं, काय त्याच्या कानावर आलंच नाही, आणि ऐकल्यावर त्याने काय लिहिलं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय लहान वाटेल. मलाही वाटला होता. पण आकाशवाणीच्या काळात वाढलेल्या माणसाला तो परका वाटू नये. आमच्या घरी शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. गायक मंद्रात उतरला की आमच्या जुन्या संचातून काहीच ऐकू यायचं नाही. वडील संचावर हात ठेवून म्हणायचे, "खाली गेलाय, येईल वर." तो मधला भाग ते मनाने भरून काढत. कार्यक्रम संपल्यावर पोस्टकार्ड लिहायचीही त्यांना सवय होती आणि नंतर कित्येक आठवडे 'पत्रोत्तर' हा श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम कान देऊन ऐकायची. त्यांच्या कार्डात गायकाची जी स्तुती असे, तिच्यातला काही हिस्सा त्यांनी स्वतः मनात गायलेल्या मंद्राचा होता, हे मला फार उशिरा कळलं. बर्गचं पत्र मी वाचतो ते या अनुभवाच्या चष्म्यातून.

आधी शब्दांचा घोळ मिटवून टाकू. ऑपेराला मराठीत संगीत नाटक म्हणण्याचा मोह होतो. तो मी टाळला आहे. संगीत नाटकात गद्य चालतं, मग पद येतं, पद रंगलं तर 'वन्स मोअर' मिळतो आणि कथानक दारात ताटकळत उभं राहतं. 'वोत्सेक'च्या प्रत्येक अंकात पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाद्यवृंद थांबत नाही. मधे टाळी वाजवायला जागाच नाही. 'संगीतिका' हा शब्द जास्त जवळचा, आणि तो आपल्याकडे रुजला तो बव्हंशी आकाशवाणीमुळेच. मंगेश पाडगांवकर आणि पु. ल. देशपांडे यांची 'बिल्हण' अनेकांना आठवत असेल. म्हणून रेडिओसाठीच रचलेल्या कृतींना मी संगीतिका म्हटलं आहे आणि रंगमंचासाठी रचून नंतर रेडिओवर गेलेल्या कृतींना ऑपेरा. काटेकोर विद्वानांना ही विभागणी पटणार नाही, पण हे पुस्तक वाचताना ती सोयीची पडेल.

तारेवरून ऑपेरा ऐकण्याची हौस रेडिओपेक्षाही जुनी आहे. 1881 मध्ये पॅरिसच्या वीजप्रदर्शनात क्लेमाँ आदेरने टेलिफोनच्या तारांवरून ऑपेरा ऐकवला. लोक रांगा लावून दोन्ही कानांना एकेक श्रवणनळी लावत. पुढे त्यातून थेआत्रोफोन नावाची वर्गणीदारांची सेवा निघाली. मार्सेल प्रूस्त हा तिचा वर्गणीदार, आणि 1911 मध्ये द्यबुसीचा 'पेलेआस आणि मेलिझांद' त्याने घरबसल्या ऐकला तो याच तारेवरून. संगीतकारांकडून या सेवेला मिळालेली एक जुनी प्रतिक्रिया मात्र पत्राच्या रूपात नाही, कोर्टाच्या कागदात आहे. वेर्दीने ब्रुसेल्समध्ये दावा लावला होता. माझं संगीत तारेवरून विकता, तर माझी परवानगी कुठे आहे, हा त्याचा सवाल होता. अभिप्राय म्हणजे गोड बोलणंच असतं असा ज्यांचा समज असेल, त्यांनी वेर्दीपासून सुरुवात करावी.

पुढचे टप्पे भराभर सांगून टाकतो. जानेवारी 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून ली डी फॉरेस्टने बिनतारी प्रक्षेपण केलं. त्यात कारुझो गात होता, आणि ऐकणाऱ्यांना त्यातलं फारच थोडं कळलं. 8 जानेवारी 1923 रोजी बीबीसीने लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधून मोत्सार्टचा 'मॅजिक फ्लूट' प्रक्षेपित केला. 1931 च्या नाताळच्या दिवशी मेट्रोपॉलिटनमधून 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' अमेरिकाभर ऐकवला गेला. त्या दिवशी निवेदनाला बसला होता डीम्स टेलर, जो स्वतः संगीतकार. त्याचाच 'पीटर इबेट्सन' हा ऑपेरा त्याच वर्षी त्याच रंगमंचावर झाला होता. रंगमंच न दिसणाऱ्यांना गोष्ट कळावी म्हणून टेलर संगीत चालू असतानाच बोलत राहिला. श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. एका संगीतकाराला दुसऱ्याच्या संगीतावर बोलू नये हे सुचलं नाही, यात मला गंमत वाटते. कदाचित त्याला वाटत होतं की डोळे नसतील तर ऑपेरा अपुरा आहे आणि ती उणीव शब्दांनी भरायची असते. हीच शंका या क्षेत्रात वेगवेगळे वेश घेऊन पुन्हा पुन्हा भेटते.

उलट बाजूला कुर्ट वाइल. 'थ्री पेनी ऑपेरा'मुळे जगभर नाव होण्याआधी आणि नंतरही काही काळ, म्हणजे 1925 ते 1929, तो 'डेर डॉइचे रुंडफुंक' या बर्लिनच्या साप्ताहिकात रेडिओवरच्या कार्यक्रमांचं परीक्षण लिहीत असे. पोटासाठी लिहीत असे हे खरं, पण आठवडामागून आठवडा लिहून त्याचा कान तयार झाला. मायक्रोफोनसमोर कुठलं वाद्य शोभतं आणि कुठलं चिरडतं, समूहगान कधी नुसता गोंगाट होतं, याचा हिशोब ठेवणारा हा पहिला मोठा संगीतकार म्हणता येईल. 1928 मध्ये फ्रँकफर्टच्या रेडिओसाठी त्याने 'बर्लिनर रेक्वीम' रचलं तेव्हा हा हिशोब कामी आला. वाइलच्या परीक्षणांवर या पुस्तकात मोठं प्रकरण आहे. घाईत असाल तर तेच आधी वाचा.

मात्र माझा मुक्काम बर्गपाशीच आहे, कारण इथे अभिप्राय, कृती आणि काळ एकमेकांत इतके गुंतले आहेत की एक धागा ओढला की तिन्ही हलतात.

'वोत्सेक'ची गोष्ट एका गरीब सैनिकाची. गेओर्ग ब्यूख्नर हा जर्मन लेखक 1837 मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला. मागे हे नाटक अर्धवट ठेवून गेला. 1914 मध्ये बर्गने ते व्हिएन्नाच्या रंगभूमीवर पाहिलं आणि त्याचा ऑपेरा करायचं ठरवलं. मधे महायुद्ध आलं, दम्याने बेजार असलेल्या बर्गला स्वतःलाच लष्करी नोकरी करावी लागली, आणि स्वरलेखन पुरं व्हायला 1922 उजाडलं. 14 डिसेंबर 1925 ला बर्लिनमध्ये एरिख क्लायबरने पहिला प्रयोग केला. पुढच्या सात वर्षांत तो युरोपातल्या बऱ्याच गावी झाला, लेनिनग्राडला झाला, फिलाडेल्फियाला झाला. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि जर्मनीतली दारं बंद झाली. बर्गचं मानधन आटलं. 1934 च्या फेब्रुवारीत व्हिएन्नात रस्त्यावर तोफा चालल्या. त्याच वर्षी 'वोत्सेक'चं मूळ हस्तलिखित वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकत घेतलं. पैशाची गरज किती होती याचा अंदाज त्यावरून यावा.

आता त्या मार्चमधल्या रात्रीचा विचार करा. ज्या कृतीवर या माणसाचं नाव उभं होतं, ती त्याच्या भाषेच्या सर्वांत मोठ्या देशात वाजणं थांबलेलं. लंडनमध्ये कुणीतरी महिनोन् महिने तयारी करून ती पूर्ण वाजवतं, आणि ती आपल्या घरात ऐकू येते. प्रयोगामागे एडवर्ड क्लार्क होता. बीबीसीच्या कार्यक्रमांची आखणी करणारा हा माणूस बर्लिनमध्ये शोनबर्गकडे शिकलेला, म्हणजे बर्गचा गुरुबंधूच. अशा परिस्थितीत लिहिलेल्या पत्रातलं कौतुक कसं वाचायचं? उपाशी माणसाने जेवणाची तारीफ केली म्हणून जेवण बेचव होतं असं ठरत नाही. पण त्याची भूक विसरून त्या तारीफेतून पाककृती काढायला गेलं तर फसगत होते. या क्षेत्रातले बरेच लेख त्या फसगतीतून निघाले आहेत असं माझं मत आहे. संगीतकाराने बरं म्हटलं, म्हणून प्रयोग बरा. नावं ठेवली, म्हणून प्रयोग वाईट. इतकं सोपं असतं तर एवढं पुस्तक लिहायची गरज नव्हती.

खरा प्रश्न कानाचा आहे. तो दाखवायला एकच जागा पुरेल.

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. जंगलातली तळ्याकाठची वाट, अंधार पडत चाललेला. चंद्र लाल उगवतो आणि वोत्सेक आपल्या प्रेयसीच्या, मारीच्या, गळ्यात सुरी खुपसतो. हा अख्खा प्रवेश बर्गने एका स्वरावर बांधला आहे. पाश्चात्त्य लिपीत तो स्वर 'बी'. आपल्या हिशोबात पांढरी एक पट्टी धरली, तर शुद्ध निषाद. तंबोऱ्याच्या तारेसारखा तो प्रवेशभर कुठे ना कुठे चालू असतो, पण तंबोऱ्यासारखा एका जागी बसत नाही. कधी खर्जात गुरगुरतो, कधी वर तारसप्तकात टोचत राहतो. खून होतो, मारी पडते, वोत्सेक निघून जातो. आणि मग नुसता वाद्यवृंद तो एकच स्वर धरतो. सुरुवात इतकी हलकी की स्वर चालू झाला की नाही याची शंका यावी. एकेक वाद्य येऊन मिळत जातं, स्वर तोच, पण तो फुगत जातो आणि शेवटी कान दाबावेत असा होतो. मग मोठ्या ढोलावर एक ठेका, एकटा. पुन्हा तोच निषाद, सगळ्या सप्तकांत एकदम, पुन्हा शून्यातून वर, पहिल्याहून प्रचंड. आणि तो तुटतो तो थेट गुत्त्यातल्या बेसूर पियानोवर. पुढचा प्रवेश सुरूही झालेला असतो.

ज्यांनी हे रंगमंदिरात ऐकलं आहे त्यांना खुर्चीचा हात घट्ट धरल्याचं आठवत असेल. या जागेचा सगळा जीव हळू आणि मोठा यांच्यातल्या अंतरात आहे. आणि रेडिओला नेमकं तेच अंतर पेलत नव्हतं. फार हळू आवाज खरखरीत बुडायचा. फार मोठा आवाज यंत्रणेला झेपायचा नाही. म्हणून नियंत्रणकक्षात एक माणूस बसलेला असे. हळू भाग आला की तो बटण वर सरकवी, मोठा भाग येण्याच्या जरा आधी खाली घेई. ऐनवेळी घेतलं तर श्रोत्याला झटका जाणवतो, म्हणून स्वरलिपी समोर ठेवून आधीच, हळूहळू. काम चोख झालं तर कुणाला पत्ता लागू नये. म्हणजे बर्गने ज्या चढावर दोनदा सगळा वाद्यवृंद पणाला लावला, तो चढ वाटेतच कुणीतरी अदबीने सपाट करायचा. शिवाय दूरच्या स्टेशनचा आवाज रात्री आपोआप लहानमोठा होत असे, ते वेगळंच. वरच्या आकाशातल्या थरावरून परतणाऱ्या लहरी कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारून टाकतात. निसर्गही बटणाला हात लावून बसलेला होता म्हणा ना.

मग बर्गने ऐकलं ते काय? माझं उत्तर असं की त्याने बोल्टचा प्रयोग, त्या अनाम माणसाचं बटण, हवामान आणि स्वतःची स्मृती या चौघांचं मिळून झालेलं काहीतरी ऐकलं. आठ वर्षं मनात घोळवलेला निषाद त्याला संचातून निम्मा आला असता तरी पुरा ऐकू आला असता, माझ्या वडिलांना मंद्र ऐकू यायचा तसा. संगीतकाराचा अभिप्राय म्हणून मोलाचा आणि म्हणूनच जपून वापरायचा: प्रक्षेपणात काय हरवलं हे ओळखण्यात त्याच्याइतका जाणकार श्रोता नाही, आणि हरवलेलं नकळत भरून काढण्यातही त्याच्याइतका तरबेज कुणी नाही.

रेडिओ नुसता घेतच होता असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच अंकाच्या चौथ्या प्रवेशात वोत्सेक सुरी शोधत तळ्यात उतरतो आणि बुडतो. वाद्यवृंद पाण्यासारखा त्याच्यावर चढत जातो. तेवढ्यात वोत्सेकचा कॅप्टन आणि डॉक्टर त्या वाटेने येतात. त्यांना आवाज ऐकू येतो. कुणीतरी बुडतंय हे कळतं. तरी ते तिथून निघून जातात. रंगमंदिरात आपण त्या दोघांना पाहतो आणि त्यांचा निषेध करतो. रेडिओवर आपण कुणालाच पाहत नाही, आपल्यालाही त्यांच्यासारखा नुसता आवाज येतो, आणि आपणही खुर्चीतून उठत नाही. हा प्रवेश रेडिओची वाट पाहत होता असं मला वाटतं. बर्गला हे जाणवलं होतं असा दावा मी करत नाही. पण रेडिओ हे माध्यम त्याला परकं नव्हतं. 1930 मध्ये व्हिएन्नाच्या रेडिओवरून त्याने आधुनिक संगीतावरच्या आक्षेपांना संवादाच्या रूपात उत्तर दिलं होतं. आणि आपल्या ऑपेरातले सुइट, सिंफनी, इन्व्हेन्शन असे घाट श्रोत्याने ओळखत बसू नयेत, माणसाचं दुःख तेवढं त्याच्यापर्यंत पोचावं, असा त्याचा आग्रह होता. काही दिसत नसताना हा आग्रह जास्त पुरा होतो की कमी, यावर पुस्तकात दोन लेखांचं एकमेकांशी पटलेलं नाही. मी दोन्ही ठेवले आहेत.

लंडनच्या रसिकांना 'वोत्सेक' रंगमंचावर बघायला मिळाला तो 1952 मध्ये, कोव्हेंट गार्डनला, पुन्हा क्लायबरच्याच हातून. मधली अठरा वर्षं त्यांच्यापुरता तो कानानेच ओळखायचा ऑपेरा होता. बर्गच्या नशिबात तेवढा काळ नव्हता. 24 डिसेंबर 1935 ला तो वारला. चार महिन्यांनी, 1 मे 1936 रोजी, त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्तो बीबीसीवरून ऐकवला गेला. वादक लुई क्रास्नर, संचालक आन्टोन वेबर्न. क्रास्नरने जपलेल्या तबकड्यांमुळे तो आज आपल्याला ऐकता येतो. तिथे ध्वनी आहे आणि संगीतकाराचं पत्र येण्याची शक्यताच नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्याला अशा अर्ध्या जोड्या सतत हाताळाव्या लागतात.

न लिहिलेला अभिप्रायही कधीकधी बोलतो. क्वीन्स हॉलमधूनच 18 मार्च 1936 ला बीबीसीने शोस्ताकोविचचा 'लेडी मॅकबेथ' वाजवला, अल्बर्ट कोट्सच्या संचालनाखाली. त्याच्या सात आठवडे आधी सोव्हिएत सत्ताधारी पक्षाच्या 'प्रावदा' या मुखपत्राने त्या ऑपेराची सालटी काढली होती. मायदेशात ज्याला श्वास जपून घ्यावा लागतो आहे, त्याने परदेशी प्रक्षेपणाबद्दल काय लिहावं अशी आपली अपेक्षा आहे? अशा वेळी कागद कोरा का, हा प्रश्न कागदावर काय आहे यापेक्षा मोठा होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. दालापिक्कोलाचा 'कैदी' 1 डिसेंबर 1949 ला तुरिनच्या रेडिओवर आधी ऐकवला गेला, मग पुढच्या वर्षी फ्लॉरेन्सच्या रंगमंचावर आला. हान्स वेर्नर हेन्झेने काफ्काच्या कथेवरून रेडिओसाठीच 'गावाकडचा डॉक्टर' रचला. आता संगीतकार बाहेर बसून पत्र लिहिणारा राहिला नाही. तो ध्वनिमुद्रण कक्षात, काचेच्या त्या बाजूला शिरला. त्याबरोबर पत्रांची गंमत ओसरली, असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि पुस्तकाचा शेवटचा भाग त्यामुळे थोडा कोरडा झाला आहे.

पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण नाही म्हणून कुणी मागे हटू नये. नाट्यसंगीत ऐकलेला, आकाशवाणीवर भीमसेन जोशींची तान ऐकताना मधेच आलेली खरखर मनातून वजा केलेला कान इथे पुरेसा आहे. उलट वाचकाकडेच माझं एक मागणं आहे. आपल्याकडच्या संगीतिका रचणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी, वाजवणाऱ्यांनी प्रक्षेपणानंतर एकमेकांना लिहिलेली पत्रं तुमच्या घरच्या ट्रंकेत असतील, तर ती रद्दीत घालू नका. पोस्टकार्ड असलं तरी ठेवा. त्यात स्तुती आहे की कुरकुर, हे मागाहून पाहता येईल.

आणि पहिलं प्रकरण उघडण्याआधी 'वोत्सेक' एकदा पुरता ऐका. दीड तासाचं काम आहे. चित्रफीत लावू नका, नुसता आवाज लावा, दिवा मालवा. तिसऱ्या अंकात तो निषाद सुरू होईल तेव्हा पहिले काही क्षण काहीच ऐकू येणार नाही. आवाजाच्या बटणाला हात लावू नका.